लिपस्टिकसाठी पिगमेंट निवडताना: डबीतला रंग, ओठावरचा रंग आणि मधला हिशेब

घरून लिपस्टिक किंवा टिंटेड बाम सुरू करणाऱ्यांचं गणित सहसा रंग मिसळताना चुकत नाही, त्याच्या आधीच चुकलेलं असतं. ऑनलाइन दहा-बारा रंगांच्या पुड्या मागवल्या जातात. मग बेस (मेण-तेलांचं मिश्रण) होतो, मैत्रिणींच्या ओठांवर लावून ‘मस्त आलाय’ ऐकून होतं, आणि लेबल छापायच्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘या गुलाबीचा सीआय नंबर काय?’ सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगाची जगभर चालणारी क्रमांकाने ओळख. पुडीवर फक्त ‘हॉट पिंक मायका’ (मायका म्हणजे चमकणारा अभ्रक) असं लिहिलेलं असतं आणि काम तिथेच अडतं.

म्हणून इथे क्रम उलटा लावला आहे. आधी माल, मग कायदा, मग कागदपत्रं, आणि पुडी उघडायची वेळ त्यानंतर. कोल्हापुरातलं हवामान, इथला पावसाळा आणि इथलं जेवण धरूनच पुढचे आकडे आणि तपासण्या दिल्या आहेत.

१. माल कोणता आणि विकणार कुठे, हे आधी लिहून काढा

टिंटेड बाम आणि ग्लॉसमध्ये रंग साधारण ०.५ ते २ टक्के पुरतो. क्रीम लिपस्टिकमध्ये ५ ते १० टक्के लागतो, मॅटमध्ये त्याहूनही जास्त. टक्का बदलला की पिगमेंटचं, म्हणजे रंगाच्या पुडीचं, कामही बदलतं. बाममध्ये सुंदर दिसणारा पारदर्शक लाल लिपस्टिकमध्ये ओठ झाकत नाही. लिपस्टिकला अंग देणारं टिटॅनियम डायऑक्साइड बाममध्ये घातलं, तर ओठ साय धरल्यासारखे दिसतात. पहिल्या लाईनला एकच प्रकार धरा आणि पाच-सहा शेडवर थांबा. वीस शेड म्हणजे वीस वेळा तपासणी आणि वीस लेबलं.

आपल्याकडे पुष्कळांचा वरचा ओठ गडद आणि खालचा गुलाबीसर असतो, कडेला तपकिरी-जांभळट रेघ असते. पारदर्शक रंग अशा ओठांवर दोन वेगवेगळे दिसतात. परदेशी व्हिडिओतली कृती जशीच्या तशी केली की ‘रंग उठत नाही’ ही तक्रार येते, ती यामुळे. गव्हाळ-सावळ्या वर्णासाठीच्या लाईनमध्ये आयर्न ऑक्साइडचा पाया भक्कम हवा.

माल फक्त भारतात विकणार की अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत तिकडेही, हेही आत्ताच ठरवा. अल्ट्रामरीन निळा (सीआय ७७००७), क्रोमियम ऑक्साइड हिरवा (सीआय ७७२८८) आणि फेरिक फेरोसायनाइड (सीआय ७७५१०) यांना अमेरिकेत ओठांच्या मालात परवानगी नाही. शिवाय तिथे रेड ७ सारख्या कृत्रिम सेंद्रिय रंगांचा प्रत्येक लॉट तिथल्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) प्रमाणित झालेला लागतो. इथे स्वस्तात मिळालेला तोच रंग तिकडे चालत नाही.

२. परवाना आणि नियम: पैसे गुंतवण्यापूर्वी

घरच्या स्वयंपाकघरात करून विकायची लिपस्टिकही ‘उत्पादन’ या व्याख्येत बसते. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो आणि तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. स्वतःची जागा उभी करायची नसेल, तर परवानाधारक कारखान्याच्या जागेत लोन लायसन्सवर माल काढता येतो, किंवा सरळ त्यांच्याकडून बनवून घेता येतो. पहिल्या वर्षाला बनवून घेण्याचा मार्ग बरा. पिगमेंटची निवड मात्र तेव्हाही तुमच्याच डोक्यात पक्की हवी, नाहीतर कारखान्याकडे असलेले चार रंग तुमच्या नावाने विकले जातात.

रंगांपुरते लक्षात ठेवायचे नियम थोडेच आहेत. भारतीय मानक आयएस ४७०७ भाग १ मध्ये सौंदर्यप्रसाधनांना चालणाऱ्या रंगांची यादी आहे. त्याबाहेरचा रंग कितीही सुंदर असला तरी नको. कृत्रिम आणि नैसर्गिक सेंद्रिय रंगांत शिसं २० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग), आर्सेनिक २ पीपीएमपेक्षा आणि शिसं सोडून इतर जड धातू मिळून १०० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाहीत. तयार लिपस्टिकसाठी आयएस ९८७५ हे वेगळं मानक आहे. रंगांची यादी आणि तयार मालाची कसोटी हे दोन वेगळे कागद आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तपासा: ठरवलेल्या प्रत्येक रंगासमोर वहीत तीन रकाने करा: सीआय नंबर, यादीत आहे का, ओठांसाठी चालतो का. एकही रकाना रिकामा राहिला, तर तो रंग लाईनमध्ये धरू नका.

३. हे रंग घरात असले तरी ओठांवर नकोत

हा भाग छोटा आहे, पण नुकसान इथेच सगळ्यात जास्त होतं.

कुंकू आणि शेंदूर: महाद्वार रोडला ढिगाने मिळतं म्हणून ते ओठांसाठी सुरक्षित ठरत नाही. बाजारातल्या कुंकवात कुठला डाय आहे याचा पत्ता नसतो, आणि शेंदरात शिशाचं ऑक्साइड असू शकतं. कपाळाला लावायचं आणि ओठांवरून पोटात जायचं, यात फार फरक आहे.

गुलाल: जोतिबाच्या यात्रेत अंगावर उडतो तो ठीक. त्यातली झगझगीत गुलाबी छटा अनेकदा औद्योगिक डायची असते.

गेरू आणि काव: ‘नैसर्गिक लाल माती’ म्हणून वापरतात. सौंदर्यप्रसाधनातलं आयर्न ऑक्साइड कृत्रिमरीत्या, शुद्ध करून बनवलेलं असतं. मातीत लोखंडाबरोबर आणखी काय आलंय, हे डोळ्यांना दिसत नाही.

साबण, मेणबत्ती आणि रेझिनसाठी विकलेला मायका, क्राफ्टचं ग्लिटर, मुलांचे क्रेयॉन: नकोच.

केकचे खाण्याचे रंग: ‘खाता येतो मग लावता का येणार नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. ते पाण्यात विरघळणारे डाय असतात. एरंडेलात ते विरघळत नाहीत, ठिपके म्हणून बसतात, आणि ओठाला ओल लागली की सुटून दातांवर, ओठांच्या भेगांत उतरतात.

बीट आणि हळद: बिटाची पूड तेलात विरघळत नाही, शिवाय उष्णतेत तपकिरी पडते. हळद उजेडात उडते. रतनजोत आणि शेंद्री तेलात रंग सोडतात खरं, पण शेंद्री उजेडाला फिकी पडते आणि रतनजोत अल्कलीच्या संपर्काने निळ्या-जांभळ्याकडे झुकतं. यांच्यावर आख्खी शेडची लाईन उभी राहत नाही.

४. मूळ संच: सात डब्यांत लाईन बसते

सुरुवातीला पंधरा रंग घेऊ नका. खालच्या सात रंगांत वीटकरी, डाळिंबी, चॉकलेटी, अबोली, राणी, गर्द मरून आणि दोन-तीन न्यूड (त्वचेच्या जवळ जाणाऱ्या) शेड सहज निघतात. नावातला ‘लेक’ म्हणजे काय, ते यादीखाली आहे.

लाल आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९१): वीटकरी पाया. उन्हात, उष्णतेत हलत नाही, ओठ चांगला झाकतो. एकटं वापरलं तर मातकट दिसतं.

पिवळं आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९२): थंड गुलाबीला ऊब देतं. न्यूड शेडचा जीव यातच असतो.

काळं आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९९): खोली आणतं, पण चिमटीने वापरायचं. थोडं जास्त झालं की ओठ मळल्यासारखे दिसतात, आणि ते दुरुस्त करायला बाकी सगळे रंग वाढवावे लागतात.

टिटॅनियम डायऑक्साइड (सीआय ७७८९१): झाकण्याची ताकद आणि फिकेपणा. सावळ्या वर्णावर जास्त झालं तर चुना लागल्यासारखा राखाडी थर दिसतो. न्यूड शेड फसतात त्या बहुतेक इथेच.

रेड ७ कॅल्शियम लेक (सीआय १५८५०:१): निळसर झाक असलेला स्वच्छ लाल, लाल शेडचा कणा. ताकद प्रचंड, म्हणून मोजमापात हलगर्जी चालत नाही.

रेड ६ बेरियम लेक (सीआय १५८५०:२): केशरी झाकेचा लाल. शेंदरी-अबोलीकडे जायचं तर हा.

रेड २७ किंवा २८ चा अॅल्युमिनियम लेक (सीआय ४५४१०): राणी आणि गुलबक्षी. ओठाला डाग धरतो, म्हणून टिकाऊ वाटतो, पण उजेडात आयर्न ऑक्साइडइतका टिकत नाही. पारदर्शक झाकणाच्या डबीत विकणार असाल, तर हा रंग आधी तपासा.

सावधान: पुष्कळ विक्रेते रेड ६ आणि रेड ७ दोघांपुढेही नुसतं ‘१५८५०’ लिहितात. नुसता आकडा सांगून ऑर्डर दिली की निळसर लाल हवा असताना केशरी येतो. कोलनपुढचा आकडा आणि ‘कॅल्शियम’ की ‘बेरियम’, हे दोन्ही ऑर्डरमध्ये लिहा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. डाय विरघळतो. पिगमेंट विरघळत नाही, तेलात फक्त पसरतं. लेक म्हणजे डायला अॅल्युमिनासारख्या न विरघळणाऱ्या आधारावर बसवून, किंवा कॅल्शियम-बेरियमसारख्या धातूशी जोडून केलेलं पिगमेंट. अॅल्युमिनियम लेकमध्ये मूळ डाय किती टक्के बसवला आहे हे प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं असतं. म्हणून एकाच नावाचे दोन डबे एकाच वजनाला दुप्पट-तिप्पट वेगळी ताकद दाखवू शकतात. आज एकाकडून आणि उद्या स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याकडून घेतला, तर शेड बदलते आणि चूक तुमच्या हाताची वाटते.

जांभळा किंवा गर्द वाइन हवा असेल तर मँगनीज व्हायोलेट (सीआय ७७७४२) हा आठवा डबा. ब्लू १ चा लेक (सीआय ४२०९०) सुरुवातीला टाळा. तो टोचणीइतका पुरतो आणि तेवढा मोजण्याचा काटा घरी नसतो.

कार्मीन (सीआय ७५४७०) सुंदर लाल आहे, पण तो कोचिनील किड्यांपासून मिळतो. ‘शाकाहारी’ म्हणून विकणार असाल तर तो बाद. आणि ‘व्हीगन’ म्हणायचं असेल तर रंगच नाही, बेसमधलं मधमाशीचं मेणही बाद. हे ग्राहकाने विचारायच्या आधी तुम्हाला माहीत असावं.

पर्ल: अभ्रकावर टिटॅनियम किंवा आयर्न ऑक्साइडचा थर असतो. ५ ते २५ मायक्रॉनचा रेशमी दिसतो, १० ते ६० चा मोत्यासारखा. त्याहून मोठे कण ओठावर वाळूसारखे टोचतात. माल अमेरिकेत जाणार असेल, तर निळा-हिरवा पर्ल घेताना थरात पहिल्या भागातल्या, तिथे ओठांवर परवानगी नसलेल्या तीन रंगांपैकी काही नाही ना, हे घटकयादीत बघा.

५. खरेदी: नमुना, कागद, मग किलो

१. आधी ५० ते १०० ग्रॅम नमुना मागा. ज्या लॉटचा नमुना, त्याच लॉटचा माल द्याल का, हे लिखित विचारा.

२. त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. त्यावर सीआय नंबर, लॉट नंबर, शिसं, आर्सेनिक आणि जड धातूंचे आकडे हवेत. नुसतं ‘पास’ किंवा ‘कॉस्मेटिक ग्रेड’ असं लिहिलेला कागद म्हणजे कागद नव्हे.

३. सुरक्षा माहितीपत्र आणि लेकसाठी ‘शुद्ध रंग टक्का’ मागा.

४. डब्यावरचा लॉट नंबर आणि कागदावरचा लॉट नंबर जुळवा. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि बहुतेक जण करत नाहीत.

५. पहिल्या मोठ्या खरेदीचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांचं राष्ट्रीय मान्यता मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जड धातूंसाठी एकदा स्वतः तपासून घ्या. पुरवठादार तोच राहिला तरी वर्षातून एकदा परत.

पावसाळ्यात खरेदीचा डबा उघडायची घाई नको. जुलै-ऑगस्टात इथल्या हवेत लेक ओल धरतात, गुठळ्या होतात आणि वजन खोटं येतं. सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवा. बाहेर सर लागली असेल तर वजन करायला सुका दिवस धरा, किंवा एसी चालू करून तासभर खोली कोरडी होऊ द्या.

६. पेस्ट: सुकी पूड थेट मेणात कधीच नाही

सर्वांत मोठी चूक हीच. वितळलेल्या मेणात सुकी पूड टाकून चमच्याने ढवळली की भांड्यात रंग एकजीव दिसतो. ओठावर फिरवल्यावर बारीक रेघा उमटतात आणि लाल ठिपके फुटतात. पुडीचे कण गुच्छाने असतात. त्या गुच्छांतली हवा बाहेर काढून प्रत्येक कणाला तेल लावणं, हे वेगळं आणि वेळखाऊ काम आहे.

तयारी: एन९५ मास्क, हातमोजे, पंखा बंद. रेड ७ ची पूड एकदा उडाली की आठवडाभर भिंतीवर, पडद्यावर आणि पांढऱ्या मांजरावर सापडते. फिकट रंगापासून गडद रंगाकडे काम करा. पुसताना आधी तेल लावलेल्या टिश्यूने, मग साबणाने. आधी पाणी लावलं तर डाग पसरतो.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, गुजरीत सोनाराच्या पेढीवर असतो तसा. किराणा काट्यावर ०.३ ग्रॅम काळं ऑक्साइड मोजलं तर ०.१ ग्रॅमची चूक म्हणजे तिसरा हिस्सा.

क्रम असा:

१. प्रमाण: आयर्न ऑक्साइड आणि लेकसाठी १ भाग पिगमेंटला २ भाग एरंडेल, टिटॅनियम डायऑक्साइडसाठी १ ला १. लेक फार घट्ट झाला तर १ ला २.५ पर्यंत जा, आणि जे प्रमाण घेतलं ते बाटलीवर लिहा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर चालतो.

२. भांड्यात आधी तेल, वर पूड. उलटं केलं तर तळाशी सुका थर राहतो. हळू ढवळा आणि झाकून रात्रभर ठेवा. रात्रभरात तेल गुच्छांत शिरतं, सकाळी निम्मं काम झालेलं असतं.

३. ट्रिपल रोल मिलमधून (तीन रुळांमध्ये पेस्ट दाबून घोटणाऱ्या यंत्रातून) तीन वेळा काढा. मिल नसेल आणि नमुन्यापुरतंच करायचं असेल, तर जाड काचेच्या पाटीवर काचेच्या मुलरने (सपाट तळाच्या घोटणीने) ८-१० ग्रॅमच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्पा किमान १५ मिनिटं घोटा. मिक्सरचं भांडं नको. ते पातं फिरवतं, घोटत नाही, आणि हवा कोंबून ठेवतं. शिवाय कितीही घासलं तरी त्यात कांदा-लसूण मसाला राहतोच.

४. पर्ल घोटू नका. पाकळ्या तुटतात आणि चमक जाते. तो शेवटी, हलक्या हाताने.

तपासा: पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब दोन काचांमध्ये दाबून खिडकीसमोर धरा. खसखशीसारखे ठिपके दिसले तर परत घोटा. हेगमन गेज (पेस्टमधल्या कणांचा आकार दाखवणारी खाचेची पट्टी) असेल तर सगळ्यात मोठा कण २० मायक्रॉनच्या आत हवा.

७. शेड बांधणे: एका डाळिंबी-वीटकरी शेडचा पूर्ण हिशेब

१०० ग्रॅम क्रीम लिपस्टिक. एकूण रंग ८ ग्रॅम:

लाल ऑक्साइड ३.० ग्रॅम, म्हणजे १:२ पेस्ट ९.० ग्रॅम
रेड ७ लेक २.५ ग्रॅम, म्हणजे १:२ पेस्ट ७.५ ग्रॅम
टिटॅनियम डायऑक्साइड १.५ ग्रॅम, म्हणजे १:१ पेस्ट ३.० ग्रॅम
पिवळं ऑक्साइड ०.७ ग्रॅम, म्हणजे १:२ पेस्ट २.१ ग्रॅम
काळं ऑक्साइड ०.३ ग्रॅम, म्हणजे १:२ पेस्ट ०.९ ग्रॅम

पेस्टची बेरीज २२.५ ग्रॅम. त्यात रंग ८ आणि एरंडेल १४.५ ग्रॅम.

आता खरी मेख. बेसच्या कृतीत एरंडेल ४५ ग्रॅम असेल, तर भांड्यात सुटं एरंडेल फक्त ३०.५ ग्रॅम घालायचं. उरलेले ४७ ग्रॅम म्हणजे मेणं, बाकी तेलं, वनस्पतींची बटरं आणि व्हिटॅमिन ई. पेस्टमधलं तेल वजा करायचं विसरलात तर बॅच ११४.५ ग्रॅमची होते आणि १८ टक्के मेण १५.७ टक्क्यांवर येतं. डिसेंबरात कुणाला कळत नाही. एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या पर्समध्ये कांडी वाकते, आणि दोष ‘स्वस्त मेणाला’ दिला जातो.

क्रम:

१. मेणं ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळवा. गॅसच्या थेट आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात.

२. तेलं घाला, तापमान परत ८० वर येऊ द्या. थंड पेस्ट गार मेणात गेली तर मेण तिथेच गोठतं आणि रंगाच्या गाठी धरते.

३. पेस्ट घाला, टिटॅनियम आधी आणि काळी सगळ्यात शेवटी, तीही थोडी थोडी. हवा न कोंबता २०-२५ मिनिटं ढवळा. नियोजित काळ्या पेस्टपैकी तिसरा हिस्सा राखून ठेवा. घातलेलं काळं काढता येत नाही.

४. थंड स्टीलच्या ताटलीवर थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, मग बघा. वितळलेला रंग गोठलेल्या रंगापेक्षा गडद दिसतो. भांड्यात बघून शेड जुळवणारे दर वेळी फिकी कांडी काढतात.

५. ताटलीवरचा थेंब पांढऱ्या कागदावर ओढा आणि ओठावर लावा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, खिडकीच्या उजेडात पण थेट उन्हात नाही. ट्यूबखाली जुळलेली शेड बाहेर आल्यावर केशरी निघते. निदान पाच-सहा जणींच्या ओठांवर, वेगवेगळ्या वर्णांच्या.

६. एका वेळी एकच रंग बदला, आणि बदल वहीत ग्रॅममध्ये लिहा. ‘जरासा लाल वाढवला’ ही नोंद पुढच्या महिन्यात कुणालाच वाचता येत नाही.

७. शेड पक्की झाली की सुगंध घाला, पर्ल असेल तर हलक्या हाताने मिसळा आणि ७५ च्या आसपास ओता. साचा किंचित कोमट असू द्या, अगदी गार साच्यात कांडीवर आडव्या रेघा उमटतात. उद्यमनगरातून अॅल्युमिनियमचा साचा करून घेणार असाल, तर आतून आरशासारखं पॉलिश मागा. जी ओरखड साच्यात, तीच प्रत्येक कांडीवर.

सावधान: ओतताना भांडं ढवळत राहा. आयर्न ऑक्साइड तेलापेक्षा कितीतरी जड असतं, ते तळाला बसतं. न ढवळता ओतलं तर पहिल्या कांड्या फिक्या, शेवटच्या गडद. आणि कांडीचं टोक साच्यात खाली असल्याने बसलेला रंग टोकाशीच जमतो. ग्राहकाने पहिल्यांदा लावलेला रंग वेगळा आणि आठवड्याने लावलेला वेगळा, अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच.

आयर्न ऑक्साइडमुळे तेलं लवकर खवट होतात. रंगाचा टक्का जास्त असलेल्या शेडमध्ये व्हिटॅमिन ई विसरू नका.

८. तपासण्या: कागदावरच्या आणि रश्श्यातल्या

उष्णता: कांड्या ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये निदान महिनाभर. घाम येतो का, म्हणजे वर तेलाचे थेंब फुटतात का, हे रोज बघा. त्यासोबत २४ तास ४५ अंश आणि २४ तास फ्रिज असे पाच-सहा फेरे.

उजेड: कांडीचा अर्धा भाग फॉइलने झाका आणि दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. फॉइल काढल्यावर मधे रेघ दिसली, तर त्या शेडमधला लेक उडतोय. राणी शेडला ही तपासणी सोडू नका.

रंग सुटणे: पांढऱ्या टिश्यूवर रेघ ओढा. एक थेंब पाणी, एक थेंब लिंबाचा रस, एक थेंब गोडं तेल, तीन जागी. पाण्याच्या थेंबाभोवती गुलाबी कडा आली तर लेकमधून डाय सुटतोय. लिंबाच्या बाजूला आली तर लेक आम्ल झेलत नाही.

जेवण: लिपस्टिक तेलात विरघळणाऱ्या बेसची असते, म्हणून तिचा खरा शत्रू तवंग. लावून पंधरा मिनिटं थांबा, मग कट घालून मिसळ किंवा गरम तांबडा रस्सा घ्या. बेस सगळ्यांचाच थोडा उतरतो, त्यात घाबरायचं नाही. बघायचं ते हे: उरलेला रंग एकसारखा आहे, की मधून ओठ उघडा आणि कडेला गडद वर्तुळ? वर्तुळ उरलं तर डाग धरणारा लेक कमी करा आणि आयर्न ऑक्साइड वाढवा.

त्वचा: विकण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला ४८ तास पॅच टेस्ट. रेड २७, २८ आणि रेड २१ (सीआय ४५३८०) या गटातले रंग काहींना उन्हात त्रास देतात, म्हणून त्या शेडवर जास्त लक्ष.

लेबल: एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. वरच्या शेडमध्ये पिवळं ०.७ आणि काळं ०.३ टक्के असल्याने ते शेवटच्या गटात जातात, लाल ऑक्साइड आणि रेड ७ नाहीत. कारखान्याने दुसऱ्या शेडचं लेबल उचलून लावलं की ही गफलत होते.

९. नवा लॉट आला की

पहिल्या लॉटचे २० ग्रॅम काचेच्या बाटलीत, अंधारात, ‘प्रमाण नमुना’ म्हणून जपून ठेवा. नवा डबा आला की १ भाग नवा रंग आणि ९ भाग टिटॅनियम डायऑक्साइड एरंडेलात घोटा. जुन्याचंही तसंच, त्याच वजनाला. दोन्ही एकाच पांढऱ्या कार्डावर शेजारी शेजारी, कडा एकमेकांना टेकतील अशा ओढा. निव्वळ रंग बघून फरक कळत नाही, पांढऱ्यात पातळ केला की लगेच कळतो.

नवा फिका असेल तर किती टक्के वाढवला की जुळतो, ते काढा आणि बाटलीवर लिहा, उदाहरणार्थ ‘लॉट २, रेड ७, ८ टक्के जास्त’. झाक बदललेली असेल, म्हणजे निळसर होता तो केशरीकडे गेला असेल, तर वजन वाढवून उपयोग नाही. डबा परत करा. हे काम जुन्या लॉटचे निदान दोनशे ग्रॅम शिल्लक असताना उरका. परत केलेल्या डब्याच्या बदली दुसरा येईपर्यंत लग्नसराईच्या ऑर्डरी त्यावरच निघतात.